पाद्रीबाबांची नसलेली मोटरसायकल

फालेलोआ, फोआ बेट, हापाई
६ फेब्रुवारी १९९५

सिसिलिआ पोरी,

तुझा लिसिआते मामा अजून जिवंत आहे. दात आहेत, आवाज आहे, फक्त गुडघे कुरकुरतात. हे पत्र तुझ्या आईला न लिहिता तुला लिहितोय, कारण मोठ्या बहिणीपुढे भावाने फालतू गोष्टी काढायच्या नसतात. शिवाय लोसाला काही लिहिलं की उत्तराऐवजी काम येतं.

तू तिकडे ऑकलंडच्या गॅरेजात ठोकलेल्या मोटारींचे पोचे काढून त्यांना रंग देतेस म्हणे. तर एक सल्ला दे. इथे एक मोटरसायकल आहे. आता नीट वाच. मोटरसायकल माझी नाही. आमच्या मोसेसे पाद्रीबाबांची आहे. त्यांना घाई नाही, गवगवा तर मुळीच नको. मी आपलं ओळखीपोटी त्यांचं काम करतोय. ती माझ्या अंगणात नीरफणसाखाली उभी आहे, पण केवळ सावलीसाठी.

एवढं बजावून सांगतो, कारण तू माझी फाहू. बहिणीच्या लेकराने मामाच्या घरात शिरावं, आवडेल त्यावर बोट ठेवावं आणि मामाने दात दाखवत ते द्यावं, ही आपली रीत. रीतीला मी कधी नाक मुरडलंय? आठ वर्षांची असताना तू माझं ठिपक्याठिपक्यांचं डुकराचं पिल्लू नेलंस, मी हसलो. तुझ्या भावाने होडीचं इंजिन नेलं, तेव्हाही हसलो. तुझ्या आईने तुझ्या सेला मामीचं शिवणयंत्र नेलं, तेव्हा हसून हसून जबडा दुखला. पण पाद्रीबाबांच्या वस्तूवर फाहूचा हक्क चालत नाही, एवढंच आपलं सुचवून ठेवतो.

गाडीचं इंजिन ठणठणीत आहे. पलीकडच्या बेटावरून पांगाईच्या टायरवाल्याने येऊन चालू करून दिलं. पण अंगाची दशा बघवत नाही. पुढच्या मडगार्डची खाऱ्या वाऱ्याने चाळणी झालीय. टाकीला डावीकडे मुठीएवढा पोचा. बाजूच्या झाकणांवर गंजाचे फोड. हेडलाइटच्या वाटीत कोंबडी अंडी घालते. ती अंडी मी खातो, कारण गाडी पाद्रीबाबांची असली तरी कोंबडी माझी आहे.

नवे भाग इथे मिळत नाहीत. हे सगळं घरच्या घरी होईल का, ते लगेच कळव.

तुझा मामा
लिसिआते


ओटाहुहू, ऑकलंड
२७ फेब्रुवारी १९९५

मामा,

पत्र पोचलं. गाडी तुझी नाही, हे मला पहिल्याच वेळी कळलं होतं. बाकीच्या वेळा कशासाठी होत्या ते तुलाच ठाऊक.

घरच्या घरी होईल. न व्हायला काय झालं? फक्त घाई करू नकोस, आणि तुझा स्वभाव मला माहीत आहे. आधी गंज काढ. तारेच्या ब्रशने, मग पॉलिशपेपरने, चांगला पत्रा डोळ्यांत चमकेपर्यंत. गंजावरच रंग फासलास तर वर्षाच्या आत तो पुन्हा डोकं वर काढेल. मडगार्डच्या भोकांना आतून पत्र्याचा तुकडा लाव. पत्रा कुठून आणू म्हणून रडू नकोस. बीफचे रिकामे डबे तुझ्या घरात किती पडलेत हे मी लहानपणापासून बघतेय. डबा काप, सपाट कर, रिबीट मार. पोचा टाकीच्या तोंडातून लाकडाने हळूहळू बाहेर ढकल, जेवढा येईल तेवढा. उरलेल्यावर लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायचा लगदा, भर. लांबी म्हणजे खरकटं नव्हे थापून द्यायला. पातळ थर, वाळू दे, पाण्याने घास, पुन्हा पातळ थर. आमच्या चर्चमधल्या फाकाओंगोकडे डबा पाठवतेय, तो पुढच्या आठवड्यात येतोय तिकडे. त्यातली नळी हार्डनरची आहे, त्याने लांबी घट्ट होते. वाटाण्याएवढाच घे.

आणि जुन्या रंगाची एक खपली पाठव. वरपासून पार पत्र्यापर्यंतची हवी. मी इथे रंग जुळवून देईन.

हो, आईला सांगितलं. तिला इतका आनंद झाला की विचारू नकोस. "माझा भाऊ देवाच्या माणसाची सेवा करतोय," म्हणून तिने चर्चच्या बायकांच्या सभेत उभं राहून सांगितलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्या वाइओंगोने तर डोळे पुसले. गावात तुझी किंमत नसेल, पण इथे तू आता संत आहेस.

तुझी
सिसिलिआ


फालेलोआ
२० मार्च १९९५

अगं बाई,

कुणी सांगितलं होतं तुला आईला सांगायला? लोसाला सांगणं आणि चर्चची घंटा वाजवणं यात फरक काय? पाद्रीबाबा लाजाळू माणूस. त्यांना कळलं की ऑकलंडच्या बायका त्यांच्या गाडीसाठी टाळ्या वाजवतात, तर ते तोंड लपवून बसतील. कृपा कर आणि हा विषय तिथेच पुरून टाक.

काम मात्र झकास चाललंय. गंज काढून काढून माझ्या हाताची सालटं निघाली. बीफच्या डब्याची ठिगळं मडगार्डला आतून अशी बसलीत की बाहेरून ओळखून दाखव. आतून मात्र अजून 'उत्तम प्रतीचे मांस' असं वाचता येतं. लांबीचं मात्र जरा फिसकटलं. वाटाणे आपल्याकडे होतात कुठे? मी नारळाच्या करवंटीत लांबी कालवली आणि हार्डनर अंदाजाने पिळला, चांगला अंगठ्याएवढा. पाठ वळवून शेजारच्या सामीला हाक मारतोय तोवर करवंटी, लांबी आणि काठी यांचा एक दगड झाला. तो आता दाराला अडसर म्हणून लावलाय. दुसऱ्या खेपेला जमलं.

टाकी घासताना वेळ कसा जातो कळत नाही. पाणी सोडायचं, हात फिरवायचा, डोळे मिटून बोटांनी बघायचं. सेला मागे बसून पांगाईच्या शाळेत शिकवायला जायची तेव्हा डावा हात नेमका याच... म्हणजे पाद्रीबाबांच्या टाकीसारखीच टाकी आमच्या गाडीची होती, तिच्यावर टेकवायची. ती गाडी आता नाही. चार वर्षं झाली सेलाला जाऊन. तेव्हापासून मी पांगाईच्या गायनमंडळातही गेलो नाही. रात्री परतीचा ट्रक नसतो आणि कुरकुरत्या गुडघ्यांनी दोन बेटं चालून कोण येणार? सामिसोनी मास्तर म्हणतात खर्जात आता नुसती बेडकं उरलीत. म्हणोत.

खपली सोबत पाठवतोय, अंगठ्याच्या नखाएवढी. कागदात गुंडाळलीय.

लिसिआते


ओटाहुहू
१४ एप्रिल १९९५

प्रिय मामा,

खपली मिळाली. गॅरेजात भिंगाखाली धरून नीट बघितली. रंगाच्या माणसाला खपली म्हणजे काय ते तुला सांगत बसत नाही. एकच विचारते. पाद्रीबाबांची गाडी आधी निळी, मग लाल आणि शेवटी होडीला देतात तशा हिरव्या रंगाची होती का? सहज विचारलं. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

सामानाचं पिंप जहाजावर चढलंय. तळाला तांदूळ आणि बीफचे डबे आहेत. मध्ये तुझ्यासाठी आईचे जुने पडदे, का ते तिलाच विचार. वर जुन्या टॉवेलांत गुंडाळून प्रायमर, रंग, थिनर, तोंडाला बांधायचे मास्क आणि माझी स्वतःची जुनी स्प्रे गन आहे. गन वापरून झाली की थिनरने धुवायची. न धुता ठेवलीस तर मी आयुष्यभर तुझ्याशी बोलणार नाही. हवेसाठी टायरवाल्याचा पंप माग. आणि ऐक, प्रायमर असो की रंग, शनिवारी हात लावायचा नाही. एक हात दिलास, दुसऱ्या हाताला रविवार उजाडला, तर काय करशील? रविवारी काम करायला तिकडे कायद्याने बंदी, केलंस तर पोलीस धरतील, नाही केलंस तर रंग बिघडेल.

रंग मी दोन डब्यांत पाठवलाय. एका डब्यात काळा आहे, चर्चच्या बायकांनी दिलेला, कारण पाद्रीला काळाच शोभतो असं त्यांचं एकमत. दुसऱ्यात हिरवा आहे, खपलीशी जुळवलेला. तो मी दिलाय. कुठला वापरायचा ते 'पाद्रीबाबांना' विचार.

आणि एक वाईट बातमी. वाइओंगो आजीने सगळ्यांच्या वतीने मोसेसे पाद्रीबाबांना पत्र टाकलं. तुमच्या मोटरसायकलीबद्दल अभिनंदन, असं. मला कळलं तोवर पेटीत पडलं होतं.

सिसिलिआ


फालेलोआ
१५ मे १९९५

सिसिलिआ,

मेलो मी.

मंगळवारी दुपारी झाकणं घासत बसलो होतो. समोर सावली पडली. वर बघतो तर मोसेसे पाद्रीबाबा, काखेत छत्री, हातात ऑकलंडचं पत्र. दोन वेळा गाडीभोवती फिरले. मग म्हणाले, "लिसिआते, मला एवढंच विचारायचंय, माझी मोटरसायकल कशी आहे?"

मी पॉलिशपेपर पाठीमागे लपवला. तर त्यांनीच माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "कळलं मला. तू गुपचूप देणार होतास. उजव्या हाताचं डाव्याला कळू द्यायचं नाही, असंच ना?" मी मान हलवली. होकाराची हलली की नकाराची, मलाही ठाऊक नाही. त्यांना होकाराची दिसली. रविवारी त्यांनी व्यासपीठावरून सांगून टाकलं. आख्खं देऊळ माझ्याकडे वळून बघत होतं आणि पुढच्या बाकावरचा सामी, ज्याला सगळं माहीत आहे, तो भजनाच्या पुस्तकात तोंड खुपसून खदखदत होता. आता ऑगस्टमध्ये नव्या सभागृहाच्या जेवणावळीत गाडी पाद्रीबाबांच्या हवाली करायची असं ठरलंय. मी नाही ठरवलं. ठरलं.

तर आता खरं सांगतो. गाडी माझी आहे. तुझ्या आजोबांची, मग माझी, मग माझी आणि सेलाची. निळी त्यांनी केली होती. लाल मी केली, लग्नाआधी, पोरींनी बघावं म्हणून. हिरवी सेलाने केली. माझ्या होडीचा उरलेला रंग घेऊन तिने एका सुट्टीत ब्रशने फासली आणि म्हणाली, "आता गर्दीतही तू मला लांबून दिसशील." पाद्रीबाबांचं नाव मी घेतलं ते तुझ्या भीतीने. गाडी सुंदर झाली की तू बोट ठेवशील, आणि मी हसत देईन, आणि मग अंगणात नीरफणस तेवढा उरेल. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. तुझ्यापासून वाचवायला गेलो आणि देवाच्या माणसाच्या तोंडी दिली. आगीतून निघालो तो फुफाट्यात पडलो.

मला ती गाडी हवीय गं. मिरवायला नको, विकायला नको. पुन्हा पांगाईला जायचंय, मंडळात बसायचंय, गायचंय. हे एवढंच हवं होतं आणि सरळ सांगायला जीभ रेटली नाही.

प्रायमरचंही ऐक. तू नको म्हणालीस तरी शनिवारीच मारला. वारा पडला होता, मोह झाला. रविवारी आम्ही तिन्ही प्रार्थनांना देवळात. इकडे सामीच्या डुकरिणीने ओल्या टाकीला पाठ खाजवून घेतली. टाकीला केस आले, डुकरीण राखाडी झाली. पुन्हा सगळं घासलं.

काही सुचत असेल तर सांग. नाहीतर नुसतं रागाव, तेही चालेल.

तुझा खोटारडा मामा


ओटाहुहू
५ जून १९९५

मामा,

रागावलेय. आधी तेच.

खपली बघताच मला कळलं होतं. निळ्या टाकीवर बसून आजोबांच्या पोटाला टेकून मी समुद्रावर जायची. तो निळा मला आंधळी झाले तरी ओळखू येईल. गॅरेजात ग्रॅहमने विचारलं, "काय गं, डोळ्यांत थिनर गेलं का?" मी हो म्हटलं.

राग खोटं बोललास म्हणून नाही. सगळेच मामा खोटं बोलतात, डुकरं लपवतात, चांगली चटई माळ्यावर टाकतात. राग याचा की तू मला लुटारू समजलास. मी काय घरावर धाड घालायला येते? (पिल्लाचं बोलू नकोस. ते पिल्लू माझ्या मागे मागे आलं होतं.)

आणि आता माझंही खरं ऐक. तुझी भीती अगदीच खोटी नव्हती. मी सात वर्षं दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या चकचकीत करते आणि बसने घरी जाते. खपली हातात आली त्या दिवशी पहिला विचार हाच आला की ही गाडी मला हवी. आहेच मी फाहू. मग?

आई आणि मी ऑगस्टच्या जेवणावळीला येतोय. तू एक कर. गाडीला हिरवा रंग दे, आणि असा दे की तुझ्या उभ्या आयुष्यात तू काही केलं नसशील एवढं नीट. काळा डबा देवळाच्या फाटकाला वापर. बाकी माझ्यावर सोड. काही विचारू नकोस, कारण मी अजून ठरवलेलं नाही.

सिसिलिआ


फालेलोआ
३ जुलै १९९५

सिसिलिआ,

रंग झाला.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्याचा अर्थ एकच लागला. इकडे पाद्रीबाबा, तिकडे तू. ठीक आहे. जाणारच असेल तर निदान माझ्या हातून सुंदर होऊन जाऊ दे.

गेल्या सोमवारी उजाडताच दिला. वारा नव्हता. बायकांच्या चटया विणायच्या छपरात सगळी जमीन पाण्याने भिजवली, धूळ उठू नये म्हणून. चिलटं बसू नयेत म्हणून आमची लग्नातली मोठी मच्छरदाणी वासांना टांगली. आत मी, टाकी, मडगार्ड आणि झाकणं. सामी बाहेर पंपाशी. गावातली निम्मी बायामाणसं मच्छरदाणीला नाक लावून. कुणीतरी विचारलं, "लिसिआते, बाळंत कोण होतंय?" मला हसू आलं आणि हात हलला, तेवढा एक ओघळ मडगार्डवर आला होता. दोन दिवसांनी घासून काढला. तू म्हणालीस तसे पातळ हात दिले, मध्ये बोट टेकवून बघत. पडदे कशाला पाठवले होते तेही कळलं. लोसाचे पडदे पंपाच्या धुळीला फार उपयोगी पडले. तिला सांगू नकोस.

पोरी, दुसरा हात वाळला तेव्हा मी मच्छरदाणीतच खाली बसलो. तो हिरवा... कसा जुळवलास गं? सेला असती तर तुझ्या गळ्यात पडली असती.

गन थिनरने धुतलीय. दोनदा.

मामा


फालेलोआ
१४ ऑगस्ट १९९५

सिसिलिआ,

परवा जेवणावळीला मी आलो नाही. पोटात दुखतंय असा निरोप दिला, ते काही पोट नव्हतं. सामीबरोबर गाडी पाठवली, वर सेलाच्या माहेरचं झाडाच्या सालीचं रंगवलेलं कापड घातलं, आणि मी होडी घेऊन प्रवाळाकडे गेलो. लोसा आणि तू घरी आलात तेव्हाही मी तुम्हाला धड भेटलो नाही, शेवटी निरोपालाही नव्हतो. पाण्यावरून टाळ्या, मग हशा, मग इंजिनाचा आवाज ऐकू आला. तो आवाज फालेलोआतून निघाला आणि दक्षिणेकडे गेला. परत आलाच नाही.

संध्याकाळी सामी म्हणाला, "फाहूने नेली. सरळ पांगाईच्या धक्क्याकडे. तिथे जहाज लागलंय."

तर नेलीस. तुझा हक्क आहे, मी वाकडा शब्द काढणार नाही. पाद्रीबाबांपेक्षा तुझ्याकडे गेली ते बरंच झालं, आजोबांची नात आहेस. मी हसत दिली असं समज. पुढचं चाक जरा डावीकडे ओढतं, सांभाळून चालव. न्यूझीलंडात थंडी असते, सकाळी चोक दे.

अंगण फार मोठं वाटतंय. आणखी काही लिहीत नाही.

लिसिआते


नुकुआलोफा
१४ ऑगस्ट १९९५

मामा,

उद्या आमचं विमान आहे. बाजाराजवळ बसून लिहितेय. तू पळून गेलास म्हणून तू कशाकशाला मुकलास ते मी तरी सांगते.

गाडीवरचं कापड काढल्यावर मागची माणसं माना उंचावून बघायला लागली. मग एकदम टाळ्या. माझ्या शेजारी आई रडत होती, वर मला म्हणते, "बघतेस काय, तुझ्या मामाने केलीय ती." भेटवस्तूंचा पुकारा करणाऱ्या म्हाताऱ्याने घसा साफ केला आणि सुरुवात केली, "लिसिआतेच्या घराकडून देवाच्या सेवकाला..." मी उठले. समारंभाला कमरेला गुंडाळलेली चटई सावरली आणि मोठ्याने विचारलं, "लिसिआतेच्या घरातून वस्तू निघाली, ते फाहूला विचारलं का?"

सगळे माझ्याकडे वळले. मग बायका अशा हसल्या की छप्पर उडायचं बाकी राहिलं. म्हाताऱ्याने पाद्रीबाबांकडे बघितलं. पाद्रीबाबांनी छत्री काखेत मारली, उभे राहिले आणि म्हणाले, "फाहू उठली तर पाद्रीने बसावं." आणि बसले! मग मला जवळ बोलवून हळूच म्हणाले, "बाळ, मला गाडी चालवता येत नाही. माझ्या बायकोने तीन महिने झोप घेतलेली नाही." आईने आणलेलं मोठं डुक्कर आणि दोन चटया त्यांना दिल्या. ते खूश, त्यांची बायको त्याहून खूश.

मी किक मारली आणि निघाले. कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं. पुलावर दोन्ही बाजूंनी समुद्र, खाली तो हिरवा. मी गात होते, मोठमोठ्याने. खरंच धक्क्यावर गेले. खलाशी म्हणाला, चढवायची का? मी हो म्हणणार होते. शप्पथ, म्हणणारच होते. दोरी बांधायला म्हणून खाली वाकले आणि टाकीच्या पोटाखालून हात फिरवला.

मामा, आमच्या गॅरेजात टाकीचं पोट कुणी घासत नाही. कुणाला दिसतं ते? ग्रॅहम म्हणतो, वरचं चमकलं की गिऱ्हाईक पैसे देतं. तू ते पोटही वरच्यासारखंच गुळगुळीत केलंयस. आणि तेसुद्धा गाडी जाणार हे माहीत असताना. मी धक्क्यावर फतकल मारून बसले आणि रडले. खलाशाला वाटलं गाडीने चटका दिला.

तर आता नीट ऐक, कारण मी फाहू म्हणून सांगतेय. गाडी माझी झालीय. आख्ख्या हापाईने बघितलंय, आता ती तुझ्याकडे कुणी मागू शकत नाही. पाद्री नाही, सामी नाही, माझा भाऊ नाही, आईसुद्धा नाही. माझी गाडी मी कुठे ठेवायची ते मी ठरवणार. सध्या ती पांगाईला सामिसोनी मास्तरांच्या पडवीत, कापडाखाली आहे. मास्तरांना तोंड बंद ठेवायला सांगितलंय. गुरुवारी गायनाची तालीम असते. तू ट्रकने जायचंस, खर्जात बसायचंस, पूर्ण तालीम गायचीस, मग मास्तर किल्ली देतील. न गाता मागितलीस तर देणार नाहीत, तसं वचन घेतलंय मी.

आणि पुन्हा कधी माझ्यापासून काही लपवलंस तर बघ.

तुझी लुटारू
सिसिलिआ


फालेलोआ
२५ ऑगस्ट १९९५

सिसिलिआ बाळा,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझं मिळालं असेल तर चुलीत टाक.

तुझं वाचून मी अंगणात उभा राहून ओरडलो. सामी धावत आला, त्याला वाटलं माझ्या डोक्यात नारळ पडला. काल ट्रकने पांगाईला गेलो. मास्तरांनी मला बघितलं आणि खर्जाच्या बाकाकडे बोट दाखवलं. पहिलं भजन मी बेडकासारखंच गायलो. दुसऱ्यात घसा सुटला. तिसऱ्याला शेजारचा म्हातारा थांबून माझ्याकडे बघायला लागला. मास्तरांनी किल्ली हातात ठेवली तेव्हा म्हणाले, "पुढच्या गुरुवारी उशीर नको."

परत येताना, रस्ता विमानाच्या धावपट्टीवरून जातो तिथलं फाटक बंद होतं. सायकलवाले, पायी माणसं, सगळे खोळंबलेले. आणि जो तो विचारतोय, "लिसिआते, उद्या देतोस का जरा?" "लिसिआते, माझ्या मेहुण्याचं लग्न आहे." पोरी, पन्नाशी उलटली तरी मी आजवर कुणाला नाही म्हटलेलं नाही. आपल्यात कुणी म्हणतंच नाही. काल म्हटलं. म्हटलं, "माझी नाही रे, माझ्या फाहूची आहे." सगळ्यांनी मान डोलावली. असं सुख मी कधी चाखलं नव्हतं. पाचव्या माणसाने तर विचारलंच नव्हतं, त्यालाही मीच होऊन सांगितलं.

यावेळी मात्र खोटं बोललो नाही. आणि सांगताना छाती फुगली ती गाडीपायी नाही, 'माझी फाहू' म्हणताना फुगली. मी तुला भीत होतो याची आता लाज वाटते, आणि तुझा फार अभिमान वाटतो. तोंडावर बोलवलं नसतं, म्हणून लिहितोय.

आता एक काम कर. घरात आणखी काय काय तुला आवडतं ते कळव, म्हणजे तेही लगेच तुझ्या नावावर लागेल. होडीवर तुझ्या भावाचा डोळा आहे, ती आजपासून तुझी. घरची काळी डुकरीण तुझी. माळ्यावरची चटई, जी तुझ्या आईला माहीत नाही, ती तुझी. गायनमंडळातल्या विधवा फातईने काल मला विचारलं की या वयात तुमची काळजी कोण घेतं, आणि तिच्या आवाजाचा रोख मला काही बरा वाटला नाही. म्हणून तिलाही सांगून टाकलं, की बाई, मीसुद्धा फाहूचाच आहे, काय ते ऑकलंडला पत्र टाकून विचारा.

तिने पत्ता लिहून घेतलाय. उत्तर जरा विचार करून दे.

तुझा, आता रीतसर तुझाच,
लिसिआते मामा